अपग्रेडनंतर नेट का जातं: रत्नागिरीतल्या इंटर्नशिपमधल्या नोंदी

‘अपग्रेड केलात आणि नेट गेलं.’ या कामात सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ही. पतसंस्थेची शाखा असो, आंबा कॅनिंगचं ऑफिस असो की मिरकरवाडा बंदराजवळची बर्फाची हिशेबखोली, वाक्य तेच असतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याच्या आगेमागे लहानमोठ्या ऑफिसांत विंडोज ११ वर जायची घाई सुरू झाली. कॉम्प्युटर मेन्टेनन्सच्या फर्ममध्ये इंटर्न म्हणून लागलेल्या आम्हा मुलांकडे दोन कामं एकत्रच आली: मशीन अपग्रेड करायचं आणि त्यानंतर जे बंद पडेल ते चालू करून द्यायचं.

तक्रारींचा माग काढत गेलं की दिसतं, बऱ्याच ठिकाणी दोष अपग्रेडचा नसतो, रीस्टार्टचा असतो. जे मशीन महिनोन्‌महिने नुसतं स्लीपला जात होतं ते अपग्रेडमध्ये तीन-चार वेळा रीस्टार्ट होतं. दर वेळी नेटवर्क कार्ड स्विचशी (सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या डब्याशी) स्पीड नव्याने ठरवतं, मशीन आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, नव्याने मागतं आणि तारीख-वेळ नव्याने वाचतं. जॅक गंजलेला असतो, सीमॉसचा, म्हणजे तारीख-वेळ सांभाळणारा बोर्डावरचा सेल संपलेला असतो, कुणीतरी लावलेला दुसरा राऊटर भलतेच पत्ते वाटत असतो. आधीपासूनची ही दुखणी नेमकी त्याच दिवशी वर येतात. काही बिघाड मात्र खरोखरच अपग्रेडमुळे होतात: फायरवॉलचं प्रोफाइल बदलतं, शेअरिंगचे नियम कडक होतात, जुना ड्रायव्हर उडतो. या दोन जातींचे बिघाड वेगळे ओळखता आले तर काम अर्ध्या तासात होतं, नाहीतर दिवस जातो. ओळखायचं साधन एकच, अपग्रेडच्या आधी घेतलेली नोंद.

आधी काय टिपून ठेवायचं

आयपीकॉन्फिग /ऑल या कमांडचा निकाल टेक्स्ट फाइलमध्ये घ्यायचा. त्यात आयपी, सबनेट, गेटवे (बाहेर जायचा राऊटर), डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) आणि डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारा) सर्व्हर सगळं येतं. आयपी हाताने दिलेला आहे की आपोआप आलाय, हेही त्यातच कळतं. मग नेट यूज, म्हणजे कोणता ड्राइव्ह कुठल्या मशीनवर मॅप केलाय ते. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमधला पोर्ट. पॉवरशेलमध्ये गेट-नेटअ‍ॅडॉप्टर चालवून लिंक स्पीड, १ जीबीपीएस की १०० एमबीपीएस. पिंगने, म्हणजे समोरून उत्तर येतं का बघणाऱ्या कमांडने, गेटवेपर्यंत शंभर पॅकेट पाठवून किती हरवले ते. हे शेवटचं फार महत्त्वाचं. आधीच शंभरात चार पॅकेट हरवत असतील तर तो दोष जुनाच आहे, बहुधा केबलचा, आणि तो मालकाला आधीच दाखवता येतो.

स्विचच्या मागचा-पुढचा फोटो घ्यायचा, लाइट दिसतील असा. कोणती केबल कुठल्या पोर्टात आहे हे लहान ऑफिसांत कुणी लिहून ठेवलेलं नसतं. कागदाच्या चिकटपट्ट्या पावसाळ्यात सुटून पडतात, म्हणून केबलला नंबर घालायचे तर प्लास्टिकच्या रिंगा किंवा परमनंट मार्करने केबल-टायच्या पट्टीवर.

बॅकअपबद्दल वेगळं सांगायला नको, पण तो उघडून बघायचा हे सांगायला हवं. टॅलीचा डेटा फोल्डर दुसऱ्या मशीनवर उघडतो का, फाइलचा आकार शून्य तर नाही ना, एवढं तरी. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर घ्यायची आणि अपग्रेडपुरतं बिटलॉकर सस्पेंड करायचं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगांत) टीपीएम, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप, किंवा सिक्युअर बूट, म्हणजे खात्रीचंच विंडोज सुरू होऊ देणारी सोय, बदललं की ती की मागितली जाते आणि त्या वेळी ती कुणाकडेच नसते.

हार्डडिस्कचं आरोग्य क्रिस्टलडिस्कइन्फोने बघायचं. ‘रीअ‍ॅलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टर (डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागा) वाढलेले दिसले की त्या डिस्कवर अपग्रेड करायचाच नाही. आधी एसएसडी, मग अपग्रेड. अपग्रेडमध्ये काही जीबी डेटा लिहिला-वाचला जातो आणि अशी डिस्क नेमकी त्या भाराखाली मान टाकते.

मशीन चालेल का

विंडोज ११ ला लागतं ते असं: इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, एएमडीत रायझन २००० मालिका किंवा पुढची, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालवू शकणारं यूईएफआय (बायोसची नवी पद्धत). टीपीएम नाही म्हणून नाकारलेल्या मशीनमध्ये बरेचदा तो असतो, फक्त बायोसमध्ये बंद असतो. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम असतं. चालू केल्यावर टीपीएम.एमएससी उघडून आवृत्ती २.० दिसते का ते बघायचं.

खरी अडचण डिस्कच्या मांडणीची. जुनी मशीनं लेगसी बायोसवर एमबीआर या डिस्क मांडायच्या जुन्या पद्धतीने लावलेली असतात. एमबीआर२जीपीटी हे विंडोजसोबतच येणारं साधन डेटा न पुसता डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीची करतं. पण आधी /व्हॅलिडेट लावून बघायचं, कारण त्याला जास्तीत जास्त तीनच प्रायमरी पार्टिशन चालतात. आपल्याकडे मशीन जोडून देणारे सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह पाडून देतात, त्यात सिस्टीम रिझर्व्ह्ड धरला की चार होतात आणि व्हॅलिडेशन तिथेच नापास. मग ई मधला डेटा बाहेर काढून ते पार्टिशन उडवायचं. रूपांतर झाल्यावर बायोसमध्ये बूट मोड लेगसीवरून यूईएफआय करायचा, तो केला नाही तर मशीन ‘बूट डिव्हाइस नाही’ म्हणून थांबतं आणि समोरच्याला वाटतं डेटा गेला.

टीपीएमची अट टाळून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या सगळ्यांना माहीत आहेत. घरच्या मशीनवर ज्याचं त्याने ठरवावं, पण जिथे लोकांच्या ठेवींचा हिशेब आहे तिथे ते करू नये असं माझं ठाम मत आहे. अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी नसते आणि सुरक्षेची अपडेट्स हवीत म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. त्यापेक्षा विंडोज १० चं मुदतवाढीचं सुरक्षा अपडेट घ्यावं. घरगुती ग्राहकांसाठी त्याची जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, संस्थांना पैसे भरून तीन वर्षांपर्यंत मिळतं.

एक गोष्ट आधीच तपासायची: चालू विंडोज ३२-बिट आहे का. विंडोज ११ फक्त ६४-बिट येतं, त्यामुळे ३२-बिटवरून वरच्या वर अपग्रेड होतच नाही, कोरं इन्स्टॉल करावं लागतं. आणि पतसंस्थांमध्ये अजून डॉसमधली फॉक्सप्रोची जुनी पॅकेजं आहेत. १६-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर उघडतच नाही. सभासदांचा जुना उतारा त्यातून काढावा लागत असेल तर ते मशीन नेटपासून तोडून बाजूला तसंच ठेवायचं, किंवा डॉसबॉक्समध्ये पॅकेज चालवून, छपाईसकट चाचणी घेऊन मगच पुढे जायचं.

प्रत्यक्ष अपग्रेड

आयएसओ, म्हणजे विंडोज इन्स्टॉल करायची एकच मोठी फाइल, एकदाच उतरवून पेनड्राइव्हवर न्यायची. शाखेच्या लाइनवर पाच-सहा जीबी उतरवत बसणं म्हणजे काउंटरचं काम अडवणं. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, म्हणून एनटीएफएस किंवा एक्सफॅट. फाइल डी ड्राइव्हवर कॉपी करून डबल क्लिक केली की ती माउंट होते, तिथून सेटअप चालवायचा आणि ‘फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा’ हा पर्याय दिसतोय याची खात्री करायची. तो निवडता येत नसेल तर भाषा किंवा एडिशन जुळत नाही असं समजावं. बरेचदा जुन्या विंडोजची भाषा इंग्लिश-इंटरनॅशनल असते आणि आणलेला आयएसओ अमेरिकन इंग्लिशचा असतो.

सी ड्राइव्हवर २५-३० जीबी मोकळी जागा ठेवायची. बाहेरचा अँटिव्हायरस नुसता बंद न करता काढून टाकायचा. डिजिटल सहीचं टोकन, स्कॅनर, पेनड्राइव्ह, सगळं उपसून ठेवायचं, कीबोर्ड-माउस पुरे. एसएसडीवर काम तासाभरात होतं, साध्या हार्डडिस्कवर दोन-तीन तास लागतात. ६०० व्हीएचा यूपीएस तेवढा वेळ पुरत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर इन्व्हर्टर नसलेल्या ठिकाणी आम्ही दुपारनंतर अपग्रेडला हात घालत नाही. मध्येच वीज गेली तर विंडोज सहसा स्वतःहून जुन्या आवृत्तीवर परततं. बायोसचं फर्मवेअर टाकताना वीज गेली तर मात्र बोर्डच निकामी होऊ शकतो.

अडतं कुठे? ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ असं आलं तर १०० एमबीचं बूट पार्टिशन भरलेलं असतं. माउंटव्हॉल वाय: /एस देऊन ते उघडायचं आणि ईएफआय फोल्डरच्या आत मायक्रोसॉफ्ट, बूट, मग फॉन्ट्स इथल्या फाइल्स काढायच्या, तेवढी जागा पुरते. सी१९००१०१ हे आकडे असलेला कोड म्हणजे जवळजवळ नेहमी ड्रायव्हर. कोणता, ते मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग हे साधन चालवलं की अहवालात नावासकट येतं. आमच्या भागात बहुतेक वेळा जुना वायफाय डोंगल किंवा स्कॅनरचा ड्रायव्हर निघतो.

झाल्यावर एक काम लगेच करायचं. जुनं विंडोज परत आणायची सोय फक्त दहा दिवस असते. डीआयएसएम या कमांडच्या सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो या पर्यायाने ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. महिनाअखेरचं व्याज आणि ताळेबंद नव्या विंडोजवर एकदा निघेपर्यंत ती सोय हाताशी असावी.

नेट गेलं: आधी केबलचं टोक बघा

शहरातल्या पुस्तकी क्रमात सेटिंगांना जेवढा वेळ दिला जातो तेवढा इथे द्यायची गरज नसते. किनाऱ्यावर निम्मं दुखणं जॅकमध्येच असतं. हवेत मीठ आहे आणि पावसाळ्याचे चार महिने दमटपणा आहे, तिथे तांब्यावर हिरवी बुरशीसारखी पूड धरणारच. मोबाइलचा कॅमेरा झूम करून आरजे४५ जॅकच्या आठ पट्ट्यांवर धरा. सोनेरी मुलामा चकाकत असेल तर ठीक. कडेने पांढरट-हिरवा थर दिसला तर पुसून भागत नाही, टोक कापून नवा जॅक मारायचा, आणि समोरच्या स्विचचा पोर्टही बघायचा, कारण त्याच्या बारीक तारांवरही तेच चढलेलं असतं.

कॅमेऱ्याच्या केबलवर हे लवकर होतं, कारण त्याच केबलमधून वीजही जाते, यालाच पीओई म्हणतात. साध्या पीओईत ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर धन आणि ७-८ वर ऋण दाब असतो. खारं पाणी आणि डीसी वीज एकत्र आली की धन बाजूचं तांबं विरघळायला लागतं. म्हणून निळी जोडी आधी खलास होते आणि कॅमेरा रात्री इन्फ्रारेड लागल्यावर, म्हणजे जास्त वीज लागल्यावर, बंद पडतो. दिवसा चालतो, रात्री जातो, अशी तक्रार आली की आम्ही थेट जॅक तपासायला घेतो.

संगणकाच्या केबलचं लक्षण वेगळं. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. निळी किंवा तपकिरी जोडी गेली की नेट पूर्ण बंद पडत नाही, लिंक १०० वर उतरते. अपग्रेडच्या रीस्टार्टनंतर ‘विंडोज ११ मुळे टॅली हळू झालं’ ही तक्रार येते ती यातूनच. आधीच्या नोंदीत १ जीबीपीएस असेल आणि आता १०० दिसत असेल तर केबल बदलून बघायची, विंडोजला हात लावायचा नाही.

नवा जॅक मारायचा तर बाहेरचं आवरण २५-३० मिमी सोलायचं. क्रम बी पद्धतीचा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारा सरळ करून १३ मिमीवर एकाच कापात छाटायच्या, जोड्यांचा पीळ त्याहून जास्त उलगडायचा नाही. आठही तारांची टोकं जॅकच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत आणि बाहेरचं आवरण जॅकच्या खाचेखाली दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ओढा नुसत्या तारांवर येतो. कॅट६ ची तार जाड असते, तिला कॅट६ चाच जॅक घ्यायचा. कॅट५ च्या जॅकमध्ये ती कोंबली की एखादी तार अर्धवट राहते.

टेस्टरचे आठ दिवे ओळीने लागले म्हणजे झालं असं मात्र नाही. दोन्ही टोकांना रंग सरळ ओळीने, म्हणजे हिरवी जोडी ३-४ आणि निळी ५-६ अशी लावली तरी टेस्टर सगळं बरोबर दाखवतो. प्रत्यक्षात ३ आणि ६ या तारा वेगवेगळ्या जोड्यांतल्या होतात, पिळाचा फायदा जातो आणि वीस-पंचवीस मीटरच्या पुढे पॅकेट हरवायला लागतात. टेस्टर हिरवा आणि पिंग तुटकं असेल तर जॅकमधल्या रंगांचा क्रम डोळ्यांनी वाचायचा.

स्वस्त केबल हा आणखी एक त्रास. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार ब्लेडने खरवडली की आत पांढरी दिसते, दोन-चार वेळा वाकवली की तुटते. पीओईला ती तापते आणि खाऱ्या हवेत तर तिचं आयुष्य फारच थोडं. शुद्ध तांब्याची केबल महाग पडते, पण किनाऱ्यावर दुसरा पर्याय नाही. छपरावरून, कौलांखालून जाणारी केबल बाहेरच्या वापराची काळ्या आवरणाची हवी. भिंतीत शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्यायचा म्हणजे पागोळ्यांचं पाणी तिथूनच गळून पडतं. वळसा नसेल आणि आवरणाला चीर असेल तर पाणी आतल्या आत सरकत थेट सॉकेटमध्ये उतरतं. जांभ्याच्या चिऱ्यात सॉकेटचा डबा पुरू नये, चिरा पावसात पाणी धरतो आणि महिनोन्‌महिने ओला राहतो. भिंतीवर प्लास्टिकची पट्टी ठोकून वर डबा बसवलेला टिकतो.

याच चिऱ्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पलीकडे जेमतेम पोचतं. तिथे रिपीटर लावण्यापेक्षा केबल टाकून दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट द्यावा, आणि २.४ वर चॅनेल १, ६, ११ यांतलाच एक निवडावा.

पत्ते आणि पिंग

केबल बरी असेल तर पुढे पिंगची शिडी: १२७.०.०.१, मग स्वतःचा आयपी, मग गेटवे, मग ८.८.८.८, शेवटी एखादं नाव. जिथे तुटतं तिथे दोष. गेटवेपर्यंत जातं आणि पुढे नाही, तर ऑफिसातलं काही उघडायची गरज नाही. आकड्यांना उत्तर येतं आणि नावाला नाही, तर डीएनएस.

आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही. पत्ता मिळालाय पण नोंदीतल्या गेटवेशी जुळत नाही, तर दुसरा कुणीतरी पत्ते वाटतोय. बहुतेक वेळा वायफाय हवं म्हणून कुणीतरी घरून राऊटर आणून त्याचा लॅन पोर्ट स्विचला जोडलेला असतो. एआरपी /ए ने त्या गेटवेचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा नंबर) घ्यायचा, पहिल्या सहा अंकांवरून कंपनी कळते, आणि मग ऑफिसात त्या कंपनीचा डबा शोधायचा. तो काढून टाकायची गरज नाही. त्याचा डीएचसीपी बंद करायचा, त्याला मुख्य राऊटरच्याच मालिकेतला मोकळा पत्ता द्यायचा आणि लॅन पोर्टलाच जोडलेला ठेवायचा, तो साधा अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालतो.

स्विचचे सगळे दिवे एकाच तालात वेड्यासारखे लुकलुकत असतील आणि कुणालाच नेट नसेल तर एका केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेलेली आहेत. साफसफाई करताना लोंबणारं टोक कुणीतरी मोकळ्या पोर्टात खोचतं. साध्या स्विचला हा फेरा ओळखता येत नाही. अर्ध्या केबली काढायच्या, शांत झालं तर दोष काढलेल्यांत, नाही तर राहिलेल्यांत. असं अर्धंअर्धं करत गेलं की पाच मिनिटांत सापडतं.

पिंग सगळीकडे जातंय पण बँकेचं किंवा जीएसटीचं पोर्टल ‘सुरक्षित नाही’ म्हणतं, तेव्हा घड्याळ बघा. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल उतरलेला असला की प्लग काढल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते आणि त्या तारखेला प्रमाणपत्र वैध ठरत नाही. नवा सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो. २.७ च्या आसपास आला की बदलून टाकायचा. अपग्रेडला येणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मशीनचा सेल आम्ही न विचारताच बदलतो.

जे खरोखर अपग्रेडमुळे होतं

पहिलं, नेटवर्कचं प्रोफाइल ‘पब्लिक’ होतं. नेट चालतं, पण शेअर केलेला फोल्डर आणि प्रिंटर बाकीच्यांना दिसत नाही आणि त्या मशीनला पिंगही जात नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘प्रायव्हेट’ करायचं. फायरवॉलच बंद करून टाकणारे लोक आहेत, ते करू नये.

दुसरं जास्त चिवट आहे. २४एच२ या आवृत्तीपासून प्रो एडिशनमध्ये पासवर्डशिवाय, म्हणजे गेस्ट म्हणून, शेअर उघडता येत नाही आणि एसएमबी साइनिंग (फाइल शेअरिंगच्या पॅकेटवर सहीची खूण) सक्तीचं झालंय. जुना नॅस डबा (नेटवर्कवर लावलेली डिस्क), राऊटरला लावलेला बॅकअपचा पेनड्राइव्ह, झेरॉक्स मशीनचं ‘स्कॅन टू फोल्डर’ हे सगळं एका दिवसात बंद होतं. सक्ती काढून टाकायचे मार्ग नेटवर लगेच सापडतात. आम्ही आधी नॅसचं फर्मवेअर नवं करतो आणि त्यावर नाव-पासवर्ड असलेला युजर करतो, बहुतेक डबे एवढ्यावर चालू होतात. फक्त एसएमबी१ समजणारा डबा असेल तर तो बदलावा, त्याच्यासाठी सगळ्या मशीनचं दार उघडं ठेवू नये.

तिसरं, प्रिंटर. विंडोज स्वतःहून डब्ल्यूएसडी या आपोआप शोधून जोडणाऱ्या पोर्टने प्रिंटर जोडतं आणि तो मनाला येईल तेव्हा ‘ऑफलाइन’ जातो. राऊटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवायचा आणि साधा टीसीपी/आयपी पोर्ट, ९१००, करून द्यायचा.

डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर नव्याने टाकावा लागतो, टोकन उपसलेलं असताना. मग एमसायनर (जीएसटी पोर्टलवर सही करणारा प्रोग्राम) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं. ते मशीनवरच्याच १५८५ पोर्टवर ऐकत असतं, अँटिव्हायरसने तो अडवला की पोर्टलवर सही होत नाही.

बाहेरची लाइन

ओएनटीवर, म्हणजे फायबर जिथे येऊन लागते त्या डब्यावर, लॉसचा लाल दिवा लागला तर उजेडच पोचत नाही. दिवा हिरवा पण नेट तुटक असेल तर ओएनटीच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे येणाऱ्या उजेडाची ताकद, बघायची. घरापर्यंतच्या जीपॉन या फायबर जोडणीत उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही सर्वसाधारण चालणारी मर्यादा. उणे २५ च्या खाली घसरायला लागली की बंद पडायची वाट न बघता आम्ही केबलवाल्या दादांना आकडा सांगतो. ‘नेट स्लो आहे’ म्हटल्यावर जो फोन टाळला जातो तो ‘दादा, पॉवर उणे २८ आलीय’ म्हटल्यावर टाळला जात नाही. त्यांना बोलवण्याआधी आपल्या बाजूचं तपासायचं: साध्या फायबरला ३० मिमीपेक्षा आवळ वळण नको, टेबलाच्या पायाखाली चेपलेली नको, आणि हिरवं कनेक्टर निळ्या अडॅप्टरमध्ये घुसवलेलं नको. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं जवळपास सपाट, दोन्ही एकमेकांना नीट टेकत नाहीत आणि उजेड तिथेच वाया जातो.

राऊटर बदलल्यानंतर काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात, असं झालं तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, तपासा. पीपीपीओई (राऊटरमध्ये नाव-पासवर्ड भरून लागणाऱ्या) जोडणीत १५०० पैकी ८ बाइट खर्च होतात, म्हणून १४९२. पिंगला -एफ -एल १४६४ लावून उत्तर आलं पाहिजे. येत नसेल तर आकडा दहा-दहाने कमी करत न्यायचा, जिथे उत्तर येईल त्यात २८ मिळवून राऊटरमध्ये भरायचा.

वळवाच्या पावसात विजा पडतात तेव्हा पॉवरचा प्लग काढून लोक निर्धास्त होतात, पण झटका लॅनच्या केबलमधून येतो. मशीन चालू, फक्त पोर्ट मेलेला, हे मे आणि ऑक्टोबरमधलं नेहमीचं चित्र. ऑफिस आणि गोदाम अशा दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकूच नये. दोन्हीकडचं अर्थिंग सारखं नसतं आणि फरकाचा सगळा दाब स्विचच्या पोर्टावर येतो. फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर हा खर्च एका उन्हाळ्यात वसूल होतो. अर्थिंग मल्टिमीटरने बघता येतं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत होते, तेव्हा खड्ड्यात पाणी घातल्याशिवाय ते आकडे येत नाहीत. आणि रॅक, यूपीएस, बॅकअपची डिस्क जमिनीवर ठेवू नये. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळं गेलं. नदीकाठच्या शाखांमध्ये बॅकअपची एक प्रत वरच्या मजल्यावर आणि एक गावाबाहेर, एवढं तरी असावं.

काउंटरवरची चाचणी

मशीन परत देताना आम्ही स्वतः चाचणी घेत नाही, रोज काम करणाऱ्याला घ्यायला लावतो. ‘मॅडम, एक पासबुक काढून बघा.’ पासबुक प्रिंटरची कागदाची मापं प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये वेगळा फॉर्म म्हणून साठवलेली असतात. कोरं इन्स्टॉल केलं की ती जातात, कधी नवा ड्रायव्हर बसताना प्रिंटर परत ए४ वर जातो, मग ओळी घडीवर छापल्या जातात. मापं नोंदीत हवीत, नसतील तर पासबुक मोजपट्टीने मोजून नवा फॉर्म करायचा. जुनं पॅकेज थेट एलपीटी१ या जुन्या प्रिंटर पोर्टला छापत असेल तर प्रिंटर शेअर करून नेट यूज एलपीटी१ ने त्याकडे वळवायचं आणि पर्सिस्टंट येस द्यायचं. मशीनचं नाव बदललं की हे वळण तुटतं, म्हणून नाव जुनंच ठेवायचं. मराठी टायपिंग ज्या कीबोर्डवर चालतं, इनस्क्रिप्ट की फोनेटिक, तो जोडून एक पावती लिहून घ्यायची. मग मशीन बंद करून, स्विच बंद करून, दोन्ही पुन्हा चालू करायचे आणि तेच पासबुक, पुढच्या ओळीवर, पुन्हा काढून बघायचं.